ओढ्याकाठची बाग: उन्हाळ्यात कोरडी पडली तर चालेल का?

ओढ्याकाठची | १२ मे, रात्री ९:४०

मंडळी, धागा लांबलाय. चहा घेऊन बसा.

पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या उतारावरून निघून पुढे आंबील ओढ्याला मिळणारे बरेच छोटे ओहोळ आहेत. त्यातला एक आमच्या सोसायटीच्या मागून जातो. नाव असं काही नाही त्याला. जुनी माणसं नुसतं ‘ओढा’ म्हणतात, आम्ही नंतर आलेले ‘नाला’ म्हणतो. त्याला लागून दीड एकराचा तुकडा बागेसाठी राखलेला आहे, पण इतकी वर्षं त्यावर राडारोडाच पडत आला. आता एकदाची बाग व्हायचं घाटतंय.

मागच्या रविवारी क्लबहाउसमध्ये एका सल्लागाराने आराखडा दाखवला. पडद्यावर निळाशार झरा, काठाला कापलेलं लॉन, बदकं, लाकडी पूल, रात्रीचे रंगीत दिवे. टाळ्या पडल्या. मी नंतर नकाशाचा कोपरा मोठा करून बघितला, तर तो निळा झरा म्हणजे प्लास्टिक अंथरून केलेला सिमेंटचा पाट निघाला. पंप लावून तेच पाणी गोल फिरवायचं. आणि खरा ओढा? तो शेजारीच, स्लॅबखाली. स्लॅबवर पंचवीस गाड्यांचं पार्किंग.

मी स्वतः लँडस्केपचं काम करते. चौदा वर्षं लोकांच्या बंगल्यांची लॉन केलीत, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणत नाही. पण म्हटलं, कागदाला हात लावायच्या आधी ओढा काय म्हणतोय ते बघू.

छोट्या पुलाखाली चार फुटी दोन ह्यूम (सिमेंटचे) पाइप आहेत. उन्हाळ्यात एकातूनच धार येते आणि दोनेक फूट खाली पडते. तिथे रंगाची २० लिटरची रिकामी बादली धरली, नवऱ्याने मोबाइलवर सेकंद मोजले. सकाळी साडेसातला बादली ७ सेकंदांत भरली. दुपारी दोनला १६ सेकंद लागले. मग हट्टाने पहाटे तीनला गेलो. गमबूट, रबरी हातमोजे, टॉर्च आणि आमच्यावर भुंकणारी चार कुत्री असा लवाजमा होता. ५२ सेकंद.

खडकातला झरा काही सकाळी साडेसातला आंघोळीला जात नाही.

हिशेब सोपा आहे. सकाळची धार सेकंदाला पावणेतीन-तीन लिटर. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. चार माणसांचं घर धरलं तर २०० फ्लॅटच्या एका सोसायटीचं सांडपाणी सरासरी सेकंदाला एक लिटर पडतं. सकाळी ते जास्त असणार हे धरूनही, कुठल्या तरी एक-दोन मोठ्या सोसायट्या सरळ ओढ्यात सोडतायत. मे महिन्यात आपण ज्याला ‘वाहता ओढा’ म्हणतो तो हा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडचा असा ओढा मुळात पावसाळी. पुण्याचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात. दिवाळीपर्यंत पाणी खेळायचं, संक्रांतीनंतर डोहांपुरतं उरायचं, मेमध्ये दगड उघडे पडायचे. ही त्याची चाल आहे. बारा महिने वाहायला लावायचा तर एकतर सांडपाणी हवं नाहीतर पंप. मला दोन्ही नकोत. पात्र रुंद करावं, एका अंगाचा काठ सपाट उताराचा ठेवावा, मधून हातभर रुंदीचा दगडी पाट, दोन-तीन डोह. पावसाळ्यात बागेचा खालचा टप्पा पाण्याखाली जाईल, उन्हाळ्यात पोरं पात्रात दगड रचत बसतील.

पण बागेत पाणी नाही, म्हणजे बाग बंद पडली असं लोकांना वाटतं. तुमच्या भागात असं काही झालंय का? लोकांना कसं पटवलं? आणि माझं कुठे चुकतंय तेही सांगा.

कट्टेकरी | १२ मे, रात्री १०:०५

म्युझिकल फाउंटन पाहिजेच. (पळतो.)

बिनविरोध_सेक्रेटरी | १२ मे, रात्री १०:५२

ताई, मी तुमच्या शेजारच्याच सोसायटीतला, त्या मीटिंगला होतो. तुमचा अभ्यास चांगला आहे, पण आमच्याकडे २१२ फ्लॅट आहेत आणि लोकांना तीन गोष्टी हव्यात. डास नकोत, साप नकोत आणि ओढ्याच्या बाजूला भक्कम भिंत. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आम्ही पार्किंगमध्ये काढलीय. आंबील ओढ्याच्या त्या पुरात काय झालं ते अख्ख्या पुण्याला माहितीय. तुम्ही म्हणता काठ सपाट करा, म्हणजे पाण्याला आमंत्रणच की! उद्या कुणाचं मूल वाहून गेलं तर जबाबदार कोण?

आणि कोरडी बाग म्हणाल, तर मेन्टेनन्स भरणाऱ्या माणसाला दगड दाखवायचे?

पाटकरी | १३ मे, सकाळी ६:२०

ताई, बादलीची युक्ती आवडली. पाटबंधाऱ्यात बत्तीस वर्षं काढली, लाखाची यंत्रं बघितली, पण ज्युनियरांना पहिल्या दिवशी बादली आणि घड्याळच द्यायचो.

सेक्रेटरीसाहेब, तुमची भीती खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे. जरा आकडे मांडू.

या ओढ्यावर पुलापाशी येणारा पाणलोट नकाशावर मोजला तर साधारण १०० हेक्टर भरतो. तासाला ६० मिलिमीटरच्या वेगाने सर आली असं धरा. डांबर-काँक्रीटच्या वस्तीत पडलेल्या पाण्यातलं ७० टक्के लगेच वाहून निघतं. ०.७ गुणिले ६० गुणिले १००, भागिले ३६०. सेकंदाला ११.७ घनमीटर. हा आकडा डोळ्यासमोर येत नाही म्हणून असं बघा: आपल्याकडे उन्हाळ्यात येतो तो मोठा टँकर १० हजार लिटरचा, म्हणजे १० घनमीटर. दर सेकंदाला एक टँकर, वर थोडं. हेच सगळं गवत-झुडपांची टेकडी असतं तर गुणक ०.३ आणि पाणी ५ घनमीटर. ओढा तोच, आपण डोक्यावर छप्पर वाढवलं.

आता पुलाखालचे दोन पाइप. तोंडापर्यंत भरून सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहिले तरी दोघे मिळून ६.८ घनमीटर नेतील. तेसुद्धा गादी, थर्माकोल, नारळ अडकले नाहीत तर. उरलेले जवळपास ५ घनमीटर दर सेकंदाला कुठे जाणार? २०१९ला तुमच्या पार्किंगमध्ये गेले ते हेच.

भिंत बांधून पाणी कमी होत नाही. ते अरुंद जागेत उंच होतं, वेग घेतं आणि खालच्या माणसाच्या दारात जातं. शिवाय भिंतीमागची माती भिजून जड झाली आणि भिंतीला निचऱ्याची भोकं नसली, की भिंत आडवी होते. पाण्याला पसरायला जागा दिली की ते शांत होतं. अर्धा तास ही सर टिकली तर पावणेनऊ हजार घनमीटर जादा पाणी आहे. दीड एकरातला एक एकर एक मीटर खाली घेतला तर चार हजार घनमीटर तिथे थांबेल. चारशे टँकर. पुरेसं नाही, पण निम्म्याच्या जवळ गेलो. राहिलेलं वर टेकडीवरच्या चरांनी आणि सोसायट्यांच्या शोषखड्ड्यांनी अडवायचं.

एक शंका. मीटरभर खोदायचं म्हणजे आपल्याकडे दोन-तीन फुटांवर काळा पाषाण लागतो. आधी चार ठिकाणी खड्डे घेऊन बघा.

ओढ्याकाठची | १३ मे, सकाळी ८:१५

काका, खोदावंच लागणार नाही बहुतेक. प्लॉटच्या कोपऱ्यात एक उंबर आहे. त्याचा बुंधा दिसतच नाही, फांद्या थेट जमिनीतून फुटल्यासारख्या वाटतात. काल फावड्याने उकरून बघितलं तर कमरेइतकं खाली गेल्यावर बुंध्याचा घेर लागला. वर काय होतं म्हणाल तर विटांचे तुकडे, टाइल्स, कमोडचं भांडं आणि एका दुकानाची अर्धी पाटी. म्हणजे जमीन साडेतीन-चार फूट उचललीय ती राडारोड्यानेच. ओढ्याची पसरायची जागा तिथेच होती, आपण तिच्यावर घरं पाडून टाकली.

पाटकरी | १३ मे, सकाळी ८:३१

मग प्रश्नच मिटला. उंबर हाच तुमचा बेंचमार्क. त्याचा बुंधा उघडा पडेल इतकी माती काढा. मात्र हळू आणि हाताने, मुळांशी जेसीबी नको.

हौदवाला | १३ मे, सकाळी ११:४०

थोडं अवांतर. आंबील ओढ्याचा प्रवाह वळवणं पुण्याला नवीन नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वळवला गेला. आज सारसबाग आहे तिथे ओढ्याच्या पाण्याचं तळं होतं, तळ्यातला गणपती हे नाव तिथलंच. कात्रजच्या तलावाचं पाणी दगडी नळाने शहरातल्या हौदांपर्यंत आणलं तेही त्याच काळात. पण त्यांनी ओढा वळवला तेव्हा पाण्याला दुसरी जागा दिली, तळं दिलं. आपण नुसतंच आवळत आलो.

अनिवासी_पेठकर | १३ मे, दुपारी ३:१०

सिंगापूरहून. आमच्या घराजवळ बिशान–आंग मो किओ पार्क आहे. तिथे कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा नाला होता. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये खुली झाली. पार्क ६२ हेक्टर आहे. कोरडं असताना लोक अगदी पाण्यापर्यंत उतरतात, पाऊस आला की तोच उतार नदीचं पात्र होतो. मुलांच्या सुरक्षेबद्दल विचारलं होतं: पाण्याची पातळी मोजणारी यंत्रणा आहे, भोंगे आणि दिवे आहेत, आणि उतार इतके सौम्य की माणूस चालत वर येऊ शकतो. उभ्या भिंतीच्या नाल्यात पडलेल्याला वर यायला जागा नसते, हा मुद्दा तिथेच माझ्या डोक्यात शिरला.

पण ताईंशी सहमत. इथे वर्षभर पाऊस असतो, म्हणून नदी वर्षभर नदी दिसते. हे चित्र पुण्यात चिकटवलं की पंप येणारच. दक्षिण कोरियातल्या सोलचा चंगयेचन ओढा लोक उदाहरण म्हणून देतात. उड्डाणपूल पाडून २००५ मध्ये ओढा उघडा केला, मोठंच काम. पण त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. वीजबिल भरणारा असेल तर करा.

कट्टेकरी | १३ मे, दुपारी ३:२५

एवढं लांब कशाला? कोरेगाव पार्कातलं ओशो तीर्थ बघा की. आमचे आजोबा अजून त्याला नाला पार्कच म्हणतात. १२ एकर. घाण नाला होता, आता प्री-वेडिंगवाले हाकलावे लागतात.

लव्हाळी | १३ मे, सायं. ७:००

झाडांवर बोलते, माझा विषय.

पात्राच्या आत मोठं झाड नको, पाइपच्या तोंडाशी तर अजिबात नको. ओलाव्याच्या रेषेवर लव्हाळा आणि वाळा. वाळ्याची मुळं दहा फुटांपर्यंत सरळ खाली जातात, काठ शिवून टाकतात. रोप मिळालं तर शेरणी लावाच. नदीकाठच्या दगडांच्या फटीत उगवणारं काटक झुडूप, पूर आला की आडवं पडतं, ओसरला की उठून उभं. जरा वर वाळुंज. वरच्या काठाला करंज, जांभूळ, अर्जुन, आणि उंबर तर तुमच्याकडे आहेच. पाणकणीस जपून. एकदा मातलं की पात्र बुजवतं, मग दरवर्षी जेसीबी बोलवा.

खालच्या टप्प्यात कोरियन लॉन लावलंत तर तुमच्याशी बोलणार नाही. ते एप्रिलमध्ये रोज पाणी मागेल आणि तुम्ही टँकर बोलवाल. पायाखाली हरळी. मेमध्ये मेली असं वाटतं, पहिल्या वळवात हिरवी. कडेने पवन्या, मारवेल उंच वाढू द्या. पहिल्या पावसाळ्यात उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून काथ्याची जाळी अंथरा, दोन वर्षांत ती आपोआप कुजते आणि तोवर मुळं धरलेली असतात.

सेक्रेटरीकाका, डासांचं सांगते. डेंगीचा एडिस नाल्यात वाढत नाही. त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीखालची ताटली बघा. सांडपाण्यात वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. सांडपाणी बंद झालं की त्याचा अर्धा प्रश्न सुटतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे खालच्या टप्प्यातलं पाणी दोन-तीन दिवसांत ओसरेल असा उतार ठेवला की झालं. डोहात गप्पी सोडायचा मोह टाळा, ते इथले नाहीत आणि इथल्या माशांची पिल्लं खातात. सापांचं म्हणाल तर राडारोड्यात उंदीर आहेत म्हणून धामण आहे. राडारोडा गेला की दोन्ही कमी होतील.

ताई, शेकाट्या, ते लांब पायांचे पाणपक्षी, दिसतात का तिकडे?

ओढ्याकाठची | १३ मे, सायं. ७:२२

रोज! लाल पायांचे, सात-आठ. मी खूश होते.

लव्हाळी | १३ मे, सायं. ७:२६

नका होऊ. गाळातल्या अळ्या खायला येतात. सांडपाण्यावर शेकाट्यांची गर्दी असतेच. खंड्या बसायला लागला की मला फोन करा.

बिनविरोध_सेक्रेटरी | १३ मे, रात्री ९:१८

भिंतीचा मुद्दा पाटकरीसाहेबांनी समजावला, थोडा पटला. पण सांडपाणी शुद्ध करायला झाडंच लावतात ना हल्ली? कर्दळीचा वाफा करा, त्यातून पाणी सोडा, स्वच्छ होऊन ओढ्यात जाईल. प्रत्येक सोसायटीचं ड्रेनेज खणत बसण्यापेक्षा बरं.

ओढ्याकाठची | १३ मे, रात्री ९:४५

काका, हे मीसुद्धा आधी कागदावर काढलं होतं, नंतर खोडलं. अशा वाफ्याला माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा तरी लागते. एकट्या तुमच्या सोसायटीची साडेआठशे माणसं धरली तर साडेआठशे ते सतराशे चौरस मीटर. दुसरी एखादी सोसायटी असलीच तर दुप्पट. अर्धी बाग मैलापाण्याच्या वाफ्यांची होईल. वर ‘झाडं शुद्ध करतायत की’ म्हणून आणखी चार जण पाइप सोडतील. मैलापाणी ड्रेनेज लाइनलाच गेलं पाहिजे. रस्त्यावरून येणाऱ्या पहिल्या पावसाच्या काळ्या पाण्यासाठी वाफा ठेवलाय, छोटासा.

पाटकरी | १३ मे, रात्री १०:०२

कोणाचं सोडलंय हे शोधायला रंग वापरा. मिठाईवाले वापरतात तो खायचा लाल रंग, अर्धी वाटी बादलीत कालवून सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमध्ये ओता. ओढ्याशी माणूस उभा करा. अर्ध्या-पाऊण तासात लाल दिसलं तर चोर सापडला.

आणि पहाटे तीनची ती ५२ सेकंदांची धार विसरू नका. दिवसाला ३३ हजार लिटर, म्हणजे तीन टँकर. सगळीच गळती सांडपाण्याची नसेल. झरा असू शकतो किंवा पिण्याच्या पाण्याची फुटकी लाइन. सांडपाणी मिसळायच्या आधी, जिथे झिरपतंय तिथेच बाटली भरा आणि क्लोरिनची ओटी टेस्ट करा. थेंब टाकल्यावर पिवळं झालं तर नळाचं पाणी. नाही झालं तर देवाला नारळ फोडा, तुमच्याकडे जिवंत झरा आहे.

पुलाखालची | १४ मे, रात्री ११:३७

मी नुसती वाचते इथे, लिहीत नाही. आज लिहिते.

पुलाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आहे. ताई, तुमच्या बागेचा नकाशा तुम्ही फेसबुकवर टाकला होता तो मी बघितला. त्यात आमच्या बाजूला बोगनवेलीचं कुंपण आहे. तिथून आमची वाट जाते. बायका सकाळी कामाला त्याच वाटेने बसस्टॉपवर जातात, तुमच्यापैकी बऱ्याच घरांत. वाट बंद झाली तर मोठ्या रस्त्याने वळसा, वीस मिनिटं जास्त.

२०१९ला तुमच्या पार्किंगमध्ये पाणी आलं. आमच्या घरात खांद्याइतकं आलं. माझी आई पत्र्यावर बसून होती रात्रभर, धाकट्याला पदराने कमरेला बांधून. वर कुणी भिंत बांधली की पाणी कोणाकडे येतं हे आम्हाला गणित न करता माहितीय, पण काकांनी आकडे दिले ते बरं केलं. मी स्क्रीनशॉट काढलाय.

अजून एक. तुमच्या नकाशात सगळीकडे बसायला जागा आहे, नळ कुठे नाही. आमच्या बायका अजून ओढ्याशेजारच्या दगडावर गोधड्या धुतात, पाणी घाण झाल्यापासून घरून कळशी भरून आणतात. एक दगडी ओटा आणि नळ ठेवला तर बागेची शोभा जाणार नाही. आणि बागेची वेळ सहा ते दहा आणि पाच ते आठ अशी ठेवली तर आम्ही येणार कधी? त्या वेळेला आम्ही कामावर असतो.

झऱ्याचं म्हणाल तर आहे. उंबराच्या वरच्या अंगाला. माझ्या आजीने त्याचं पाणी प्यायलंय. आम्ही लहान असताना तिथे खेकडे धरायचो. राडारोड्याने बुजला.

ओढ्याकाठची | १५ मे, सकाळी ७:०५

रात्री तुमचं वाचल्यावर झोप लागली नाही नीट. कुंपण मीच काढलं होतं. मनात ‘सुरक्षा’ होती आणि ती कोणापासून, हे स्वतःला विचारलं नव्हतं. ती वाट चौदा वर्षं खिडकीतून बघतेय मी आणि नकाशात मात्र ती आली नाही.

काल रात्रीच बदल केलाय. वाट बागेची मुख्य वाट झालीय, पुराच्या रेषेच्या वरून, फरशी बांधून, दिवे लावून, दोन्ही टोकांना फाटक नाही. खालचा टप्पा फक्त पावसाळ्यात साखळी लावून बंद होईल, दर चाळीस पावलांवर वर यायला उतार आहे. ओटा आणि नळ उंबराच्या सावलीत धरलाय, धुण्याचं पाणी ड्रेनेजला जोडून. लाकडी बाकं काढली, पुरात वाहून पाइपात अडकली असती. त्यांच्या जागी दगडी कट्टे. वेळेचं सगळ्यांना मिळून ठरवावं लागेल, पण पहाटे पाच ते रात्री दहा असं मांडेन.

झऱ्याची जागा दाखवाल का? आणि आजी असतील तर त्यांनाही आणा.

पुलाखालची | १५ मे, दुपारी १:१४

आजी नाही आता. आई येईल. रविवारी सुट्टी आहे.

लव्हाळी | १५ मे, दुपारी १:२०

मीपण येते. खेकडे होते म्हणजे काय होतं तिथे, कल्पना आहे का तुम्हाला!

बिनविरोध_सेक्रेटरी | १७ मे, दुपारी १२:४८

सांगायला जरा जड जातंय, पण सांगतो. आज सकाळी आमच्या सोसायटीच्या शेवटच्या चेंबरमध्ये रंग ओतला. खरं तर आमचं नाही हे सिद्ध करायला ओतला. माझा मुलगा पुलाखाली उभा होता. अकरा मिनिटांनी फोन आला, ‘बाबा, होळी’.

प्लंबरने चेंबर उघडलं तर ड्रेनेजकडे जाणारी लाइन कधीची तुंबलेली. कुणीतरी ‘तात्पुरतं’ म्हणून ओढ्याच्या बाजूने सहा इंची भोक पाडून ठेवलंय. जुन्या रजिस्टरमध्ये त्याचं १,८०० रुपयांचं व्हाउचरपण सापडलं. खाली मंजुरीची सही माझीच आहे, तेव्हा मी खजिनदार होतो. भोक कुठल्या बाजूला पाडलं ते मी विचारलं नव्हतं.

लाइन मोकळी करून भोक बुजवायचा खर्च कमिटीपुढे ठेवतोय. पाणी बंद केलं म्हणून आमच्याकडच्या लोकांनी ओरड केली तरी चालेल, पण काम पावसाआधी झालं पाहिजे. भिंतीची मागणी मागे घेतो असं अजून म्हणत नाही. पाटकरीसाहेब, तुम्ही एकदा येऊन लोकांना ते टँकरचं गणित सांगाल का? माझं कोण ऐकतंय.

पाटकरी | १७ मे, दुपारी १:०५

येतो. तुमचं एक भोक बुजलं की सकाळी साडेसातला परत मोजा. सात सेकंदांचे किती होतात ते बघू. त्यावरून अजून किती चोर आहेत ते कळेल.

कट्टेकरी | १७ मे, दुपारी १:०९

फाउंटनची मागणी मागे घेतो. ‘बाबा, होळी’ 😄

ओढ्याकाठची | १७ मे, दुपारी २:३०

काका, असं लिहायला हिंमत लागते. आमच्या सोसायटीचा रंग अजून ओतलेला नाही, पुढच्या रविवारी ओतणार आहोत. माझी छाती आत्ताच धडधडतेय.

ओटी टेस्टची बाटली आणलीय. रविवारी सकाळी साडेसहाला उंबरापाशी. गमबूट घाला, काचा आहेत. कुदळ आमच्याकडे दोन आहेत, घमेली कुणीतरी आणा. आणि सेक्रेटरीकाका, बादली तुमची घेऊन या, माझ्या बादलीचा कान परवा तुटला.